गावचं घर, तुंबणारी न्हाणी आणि सेप्टिक टाकी : अनुभव हवेत

ओटी_पडवी
गुहागर तालुक्यात आमचं गावचं घर आहे. जुनं, जांभ्याचं, कौलारू. आईबाबांना पावसात परसात जाणं झेपेना, म्हणून २०१४ मध्ये मागची पडवी पाडून तिथे आतच न्हाणीघर आणि संडास बांधून घेतला. आता ते दोघंही आमच्याकडे डोंबिवलीला असतात. घर उघडतं ते शिमग्याला, मे महिन्यात आठ-दहा दिवस आणि गणपतीला.

तक्रारी दोन आहेत. शिमग्याला दार उघडलं की न्हाणीतून असा वास येतो की तासभर आत थांबवत नाही, शिवाय झुरळं. दुसरी गणपतीतली. पंधरा माणसं जमली की दुसऱ्या दिवसापासून न्हाणीत घोटाभर पाणी साचतं. संडासात बादली ओतली की न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. गेल्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी घरातल्या बायकांना भर पावसात विहिरीवर आंघोळी कराव्या लागल्या. आईला ते फार लागलं.

कारागीर दर वेळी सांगतो, टाकी भरली, उपसा. गेल्या ऑगस्टमध्ये उपसली तर आठ दिवसांत पुन्हा तेच. टाकी ५ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाणी साडेतीन फूट राहील एवढी खोल आहे, पुढे तिचं पाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डा. या वर्षी गणपतीच्या आधी मुळातून काय ते करायचं आहे. ज्यांनी असं काही निस्तरलंय त्यांनी कृपया लिहा.

पागोळी
दोन्ही तक्रारी एकाच टाकीच्या माथी मारू नका. शिमग्याचा वास टाकी भरल्यामुळे येत नसावा.

न्हाणीच्या जाळीखाली ट्रॅप असतो. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम उभं राहतं आणि ते पाणीच खालचा वायू अडवतं. गणपतीनंतर घर बंद झालं की थंडीच्या कोरड्या दिवसांत ते उडून जातं. फाल्गुनात तुम्ही दार उघडता तेव्हा टाकी आणि न्हाणी यांच्यात आडकाठीच उरलेली नसते. झुरळंही त्याच वाटेने येतात.

उपाय सोपा आहे. घरात शिरल्याबरोबर खिडक्या उघडा, न्हाणीत, संडासात आणि सिंकमध्ये एकेक बादली पाणी ओता. आमच्या हर्णैच्या घरी आम्ही निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन चमचे खोबरेल सोडतो. तेलाचा थर असला की पाणी फार सावकाश उडतं. जाळीवर जाड प्लास्टिक पसरून वर पाट ठेवतो. शेजारच्यांकडे चावी असेल तर महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतायला सांगा.

तांबडी_माती
इतका खल कशाला? जाळी काढा, बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड ओता, दहा मिनिटांत मोकळं होतं.

खाडीकाठ
तांबडी_माती, विरोध आहे आणि जोरदार आहे. मी बावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. अ‍ॅसिडमध्ये केस विरघळत नाहीत, तेलही नाही. साबणाचा थर तर फाटून वर चिकट गोळा होतो. आधी कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल आणि वरून अ‍ॅसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. खिडकी नसलेल्या न्हाणीत तो जीवावर बेततो. तुंबलेलं मोकळं करायला मिळतात त्या कॉस्टिक सोड्याच्या पुड्याही जपून वापरायच्या. पाणी लागताच त्या उकळत्या होतात, डोळ्यांत एक थेंब उडाला तरी पुरे. शिवाय टाकीतला मैला कुजवायचं काम जिवाणू करतात, त्यांना हे सगळं पचत नाही.

ट्रॅपमध्ये कचरा असेल तर हातमोजा घालून हाताने काढा. पुढे असेल तर रबरी पंप मारा, तोही अर्धी बादली पाणी उभं करून, म्हणजे दाब बसतो. त्याहून पुढे असेल तर कारागिराकडची स्प्रिंग.

रातांबा
थोडं अवांतर, पण तुंबण्याचंच आहे. आमच्याकडे वेंगुर्ल्याला सिंक पौष-माघातच तुंबायचं, बाकी वर्षभर ठणठणीत. सासूबाईंनी एक दिवस पहाटे खोबरेलाची बाटली दाखवली. आत तेल थिजलेलं. २४ अंशांच्या खाली खोबरेल गोठतं, आणि आमचं सगळं वाटण ओल्या नारळाचं. बाटलीत जे होतं तेच सिंकखालच्या ट्रॅपमध्ये होत होतं, आणि त्या लोण्यात माशांचे खवले चिकटून बसायचे.

तेव्हापासून कढई-पातेली आधी चुलीच्या राखेने किंवा कागदाने पुसून मगच सिंकमध्ये जातात. मासे परसदारीच साफ होतात. रात्री शेवटी तांब्याभर कडकडीत नव्हे, हाताला सोसेल इतपत गरम पाणी ओतायचं. उकळतं ओतलं तर पीव्हीसीचा पाईप मऊ पडतो, सांधा सुटतो. आणि भांडी घासायचा काथ्या सुटायला लागला की टाकून द्या. त्याची एक शेंडी अडकली की तिच्याभोवती सगळं गोळा होतं.

भरती_ओहोटी
आमचा घर मालवणात, खाडीच्या कडेक. उधाणाची भरती इली काय गटाराचा पाणी उलटा येता आणि न्हाणीतसून वर चढता. अमावास्या-पुनवेक हमखास. आम्ही शेवटच्या चेंबरात एक झडप बसवून घेतली. पाणी भायर जाता, आत येणा नाय. पण वर्षातसून दोनदा ती उघडून धुवची लागता, नायतर कचरो अडाकता आणि झडप उघडीच रवता.

चिरेबंदी
मी रत्नागिरीत बांधकामावर देखरेख करतो. ओटी_पडवी, टाकीची मापं दिलीत ते बरं केलंत. ५ × अडीच × साडेतीन म्हणजे पावणेचव्वेचाळीस घनफूट, साधारण बाराशे लिटर. पाचेक माणसांच्या घराला पुरते. मैला तळाशी बसायला आणि तेलकट साय वर यायला पाणी निदान दिवसभर टाकीत थांबावं लागतं.

आता गणपतीचा हिशेब करा. पंधरा माणसं, माणशी १५ लिटरच्या चार बादल्या, म्हणजे ९०० लिटर नुसती आंघोळ. वर कपडे, वर पंगतीची भांडी. हे सगळं संडासाच्याच टाकीत जात असेल तर तिला मैला बसवायला वेळच मिळत नाही. गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो आणि खड्ड्याची भोकं बुजतात. उपसून आठ दिवसांत पुन्हा तेच होतं त्याचं हे कारण असू शकतं.

म्हणून आधी तपासा. न्हाणीत बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओता आणि मागे कुणाला तरी चेंबरची झाकणं उघडून उभं करा. निळं पाणी कुठे निघतं आणि किती वेळाने निघतं, ते लिहून ठेवा. मग सिंकचं तसंच करा. छपराच्या पन्हळीचा पाईपही बघा. कुणी शहाण्याने तो चेंबरला जोडला असेल तर सगळंच संपलं. १०० चौरस मीटर छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होतं, आणि आपल्याकडे जुलैत असे दिवस काही विरळा नाहीत.

उतारही मोजा. चार इंची पाईपला ४० ला १, म्हणजे दहा फुटांत तीन इंच. भराव टाकलेल्या मातीत पाईप गेला असेल तर चार पावसाळ्यांत मध्ये पोट पडतं आणि तिथे गाळ बसतो.

नारळाची_झाप
चेंबर उघडाल तेव्हा मुळं बघायला विसरू नका. पाईपच्या वाटेवर माड असेल तर दोष त्याचाही असू शकतो. माडाचं मूळ बोटाएवढंच जाड राहतं, ते पाईप फोडत नाही. पण सांध्यात फट सापडली की आत शिरतं आणि आतल्या आत त्याची जटा होते. आमच्या जुन्या चिनीमातीच्या पाईपातून अशी दोन हात लांब जटा ओढून काढली होती. उंबर आणि पिंपळ जवळ असतील तर मात्र खरी भीती. ती मुळं वर्षागणिक जाड होतात.

आगरवाली
मला प्लंबिंग कळत नाही, पण आमच्या आजेसासूबाईंच्या वेळची न्हाणी मी वापरली आहे. चिऱ्याची चौकट, एका कोपऱ्यात भोक, भोकातून पाणी बाहेर दगडी पन्हळीत, तिथून अळवाला, अळवाच्या पुढे केळी, केळींच्या पुढे माडाची आळी. मोरीचं पाणी दुसऱ्या बाजूने जास्वंदीला. संडास साठ पावलांवर. संडासाच्या पाण्याशी न्हाणीच्या पाण्याची गाठ कधी पडायचीच नाही.

आमच्याकडे २००८ मध्ये घर नवं केलं तेव्हा कंत्राटदाराने सगळे पाईप जमिनीखालून एकाच टाकीत नेले. दिसायला स्वच्छ झालं. दोन वर्षांत अळू गेलं, केळी वाळल्या, आणि श्रावणात टाकी वाहायला लागली. मग यजमानांनी न्हाणीचा पाईप फोडून पुन्हा केळींकडे वळवला. तेव्हापासून टाकीने त्रास दिलेला नाही. तुमच्या निळीत हेच निघेल असं माझं मन सांगतंय.

विहिरीचा_रहाट
आगरवाली ताई, एक शंका. तेव्हा अंगाला शिकेकाई आणि भांड्यांना राख होती. आताचं साबण-शाम्पूचं पाणी उघडं सोडलं की डबकं होतं आणि डास. माझ्या गावात डेंग्यूचे रुग्ण निघाले तेव्हा आरोग्य खात्याची माणसं घरोघर साचलेलं पाणी शोधत होती. शिवाय जांभ्याला भोकं असतात. परसात सोडलेलं पाणी विहिरीत कधी उतरेल ते कळणारही नाही.

आगरवाली
बरोबर आहे तुमचं. म्हणून आम्ही पन्हळ उघडी ठेवली नाही. केळींच्या बुंध्यापाशी तीन फुटी खड्डा, त्यात चिऱ्याचे तुकडे, वर वाळू आणि झावळ्या. पाणी वर दिसतच नाही. कपड्यांचा सोड्याचा पहिला काढा मात्र केळींना घालत नाही, नुसतं खळबळलेलं पाणी जातं.

चिरेबंदी
विहिरीचा_रहाट यांचा मुद्दा संडासाच्या टाकीला तर शंभर टक्के लागू आहे. आयएस २४७० या भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा असं आहे. जांभ्यात मी त्याहून जास्त ठेवायला सांगतो आणि विहिरीच्या उताराच्या बाजूलाच घ्यायला लावतो. खड्डा वरच्या अंगाला आणि विहीर खालच्या अंगाला असेल तर नुसत्या अंतराचा भरवसा धरू नका.

आणखी एक. श्रावणात विहीर काठोकाठ भरते तेव्हा शोषखड्डाही त्याच पाण्यात उभा असतो. जमीनच तुडुंब असेल तर ती पाणी कुठून पिणार? भर पावसात टाकी उपसून उपयोग नसतो तो यामुळे. उलट रिकाम्या टाकीच्या भिंतींवर बाहेरच्या पाण्याचा दाब येतो, फायबरची असेल तर वर उचलली जाते. उपसायची तर मार्च-एप्रिलमध्ये, दोन-तीन वर्षांतून एकदा, आणि तळाचा थोडा गाळ मुरवणासारखा ठेवून.

ओटी_पडवी
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार धरून गावी जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

पुतण्याला मागे चेंबरपाशी छत्री धरून उभं केलं आणि न्हाणीत निळीचं पाणी ओतलं. संडासाच्या चेंबरचं झाकण उघडंच होतं. आत पाणी पाईपच्या निम्म्यापर्यंत उभं, वर पांढुरकी साय. मिनिटभर काहीच नाही. मग सायीच्या कडेने एक निळी रेघ आली, रुंद होत गेली आणि सगळं चेंबर निळं झालं. पुतण्या ओरडला, "काका, इथेच येतंय!" सिंकचं पाणीही तिथेच आलं. दहा वर्षं आम्ही संडासाच्या टाकीत आंघोळी ओतत होतो. छपराची पन्हळ सुदैवाने वेगळी आहे. मुळं सापडली नाहीत.

गुडगुडीचं कारण वेगळंच निघालं. टाकीतला वायू बाहेर सोडायचा दोन इंची वेंट पाईप भिंतीलगत वर नेलाय, टोकाला एल्बो, म्हणजे वाकडा जोड. शिडी लावून बघितलं तर त्या एल्बोचं तोंड कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलेलं. घरटं पोकळ होतं, बोट लावताच फुटलं. आत वाळकी पानं. काठी घालून मोकळं केलं आणि खाली बादली ओतली तर गुडगुड निम्म्याहून कमी.

आता ठरवलंय की न्हाणी आणि सिंकचा पाईप वेगळा काढायचा. विहीर घराच्या दुसऱ्या अंगाला, सत्तर फुटांवर आणि वरच्या बाजूला आहे. टाकीतला गाळही या निमित्ताने बघावा म्हणतोय. कारागीर म्हणतो, झाकण काढून माणूस उतरवतो, तासाभराचं काम.

खाडीकाठ
ओटी_पडवी, कृपा करून कुणालाही टाकीत उतरवू नका. झाकण तासभर उघडं ठेवलं, कंदील सोडून बघितला, असलं काहीही ऐकू नका. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. माणूस एका श्वासात कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. सेप्टिक टाकीत माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरीही मी हेच लिहिलं असतं. गाळ बघायचाच तर वरून लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घाला. फडकं किती काळं झालं त्यावरून थर कळतो. उपसा फक्त गाडीच्या पाईपने.

पागोळी
खाडीकाठ यांना शंभर वेळा अनुमोदन. वेंटच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. माशी शिरणार नाही आणि टाकीतले डासही बाहेर पडणार नाहीत. दरवर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामात ती झटकायची.

ओटी_पडवी
खाडीकाठ सर, वेळेवर सांगितलंत. कारागिराला लगेच फोन करून नाही म्हणून कळवलं. तोही जरा गप्प झाला. त्याच्या ओळखीत असं एकदा घडलंय म्हणे.

कोकम_आगळ
धागा वाचनखुणांत ठेवला. याच निमित्ताने विचारते, आमच्या विहिरीवरचा पंप सुरू केला की नुसता घरघरतो, पाणी चढत नाही. दर वेळी वरून पाणी ओतावं लागतं.

भरती_ओहोटी
फूट व्हॉल्व बघा. पाईपच्या खालच्या टोकाक असता. त्यात पान नायतर रेती अडाकली काय झडप मिटणा नाय आणि पाईपातला पाणी परत विहिरीत जाता. पाईप वर ओढून धुवा, वायसर झिजलो असलो तर बदला.

कोकम_आगळ
काजूचं पान निघालं! आभार.

ओटी_पडवी
गणपती झाले, काल परत आलो. कबूल केल्याप्रमाणे लिहितोय.

जुलैच्या शेवटी काम झालं. न्हाणी आणि सिंक मिळून तीन इंची पाईप, तीस फूट, उतार दोरी आणि पाण्याच्या नळीने मी स्वतः उभं राहून मोजून घेतला. मध्ये एक छोटं चेंबर, त्यात केस आणि खरकटं अडायला जाळी, झाकण एका हाताने उचलेल एवढंच. पुढे आगरवाली ताईंनी सांगितला तसा चिऱ्याच्या तुकड्यांचा खड्डा आणि भोवती केळीचे चार कोंब. अळवाचे कांदे शेजारच्या वहिनींनी दिले. टाकीत आता फक्त संडास.

या वेळी सतरा माणसं होती. न्हाणीत पाणी उभं राहिलं नाही. जाळी रोज सकाळी साफ केली, ते काम पुतण्याने आपणहून घेतलं. चौथ्या दिवशी रात्रभर पाऊस कोसळला तेव्हा संडासाचं पाणी अर्धा दिवस सावकाश जात होतं. चिरेबंदी यांनी सांगितल्याप्रमाणे जमीनच भरलेली असणार. त्या दिवशी बेताने पाणी वापरलं, दुपारपर्यंत पुन्हा सुरळीत. उन्हाळ्यात शोषखड्डा थोडा उंचावर नवा करायचा विचार आहे, त्याची मापं घेऊन इथेच विचारीन.

गौरी जेवायच्या दिवशी आई सगळ्यांत आधी न्हाणीत गेली. बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बाहेर आल्यावर केस पुसत मागच्या दाराशी गेली आणि केळींकडे बघत उभी राहिली.

आगरवाली
वाचून फार बरं वाटलं. निघताना ट्रॅपवर खोबरेल सोडलंत ना?

ओटी_पडवी
सोडलं, ताई. दोन चमचे, तिन्ही ठिकाणी. वर पाटही ठेवले आहेत.